टाकी किनाऱ्यावर, रेग्युलेटर बॅगेत

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर, सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये 'पेसो'चं, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आहे. 1898 मध्ये सुरू झालेलं हे खातं दारूगोळ्यापासून पेट्रोल पंपापर्यंत अनेक गोष्टींवर नजर ठेवतं. 2021 च्या एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनची ओरड झाली, तेव्हा नायट्रोजन आणि आर्गॉनचे सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी याच खात्याने दिली. मालवणच्या समुद्रात डायव्हरच्या पाठीवर दिसते ती हवेची टाकीही याच खात्याच्या नियमांत बसते. स्कुबाच्या सामानातली सगळ्यात जड वस्तू अशी कायद्याने नागपूरशी बांधलेली आहे.

तारकर्लीला किंवा अंदमानला निघालेल्या नागपूरकराला पहिला प्रश्न पडतो तो वजनाचा. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो सामान नेता येतं आणि एकटी रिकामी ॲल्युमिनियमची टाकीच जवळपास 14 किलोंची. मग घरून काय न्यायचं आणि तिथे काय भाड्याने घ्यायचं? या सामानात दोन वेगळी घराणी एकत्र नांदतात, एक झडपेचं, म्हणजे रेग्युलेटरचं, आणि एक टाकीचं. दोघांची कुळकथा कळली की बॅग भरणं सोपं होतं.

झडपेचं घराणं वयाने मोठं, आणि तिचा जन्म समुद्रापासून लांबचा. फ्रान्समधला खाणअभियंता बेन्वा रुकेरॉल याने 1860 च्या सुमारास खाणीतल्या विषारी हवेत माणसाला श्वास घेता यावा म्हणून ती बनवली. माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि तेवढीच हवा सोडायची, हे तिचं काम. नौदलातला अधिकारी ऑग्युस्त देनेरूझ याच्या मदतीने ती लवकरच पाण्यात उतरली. अडलं ते टाकीपाशी. त्या काळच्या लोखंडी डब्यात फार दाब मावत नसे, त्यामुळे पाठीवरची हवा थोड्याच वेळात संपे आणि डायव्हरला वरून येणाऱ्या नळीवरच भिस्त ठेवावी लागे.

टाकीचं घराणं कारखान्यातलं. 1885 मध्ये जर्मनीच्या मान्नेसमान बंधूंनी बिनजोड पोलादी नळ्या बनवण्याची रीत काढली. सांधाच नाही म्हटल्यावर फुटण्याची भीती कमी झाली आणि वायू जबर दाबाने भरता येऊ लागला. 1926 मध्ये फ्रेंच नौदलाच्या ईव्ह ल प्रिअरने अशी टाकी पाण्यात नेली खरी. पण तिच्यात आपोआप चालणारी झडप नव्हती. हवा हाताने सोडावी लागे, आणि त्यात बरीच वाया जाई.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली ती युद्धाच्या टंचाईत. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी लाकडाच्या गॅसवर चालू लागल्या. एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यां या अभियंत्याने अशा मोटारींसाठी गॅस बेताने सोडणारी एक छोटी झडप केली होती. 1942 च्या अखेरीस नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो त्याच्याकडे आला. कुस्तोचे सासरे याच कंपनीत वरच्या पदावर होते. गान्यांने ती मोटारीची झडप पुढे केली आणि तिच्यातून पाण्याखालच्या श्वासाचं यंत्र उभं राहिलं.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत, जानेवारीच्या थंडीत झाली आणि फसली. कुस्तो उभा असला की हवा भसाभस बाहेर पडे, डोकं खाली केलं की श्वास ओढायलाच जड जाई. कारण साधं होतं. उच्छ्वास बाहेर पडण्याचं तोंड एका उंचीवर आणि झडपेचा पडदा दुसऱ्या उंचीवर होता. पाण्यात उंची बदलली की दाब बदलतो. दोन्ही एका पातळीवर आणताच यंत्र सुरळीत चालू लागलं. आजच्या रेग्युलेटरमध्येही पडदा आणि उच्छ्वासाची झडप एकमेकांना लागून असतात.

जून 1943 मध्ये सुधारलेलं यंत्र पॅरिसहून रेल्वेने, लाकडी पेटीत, भूमध्य समुद्राकाठच्या बांदोल स्टेशनवर आलं. तीन टाक्या, एक रेग्युलेटर, दोन नळ्या. टाक्यांसकट सगळा संच प्रवासाला निघाला होता. आज तसं जमत नाही, निदान आपल्याकडे तरी नाही.

धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायू हा 1884 च्या स्फोटक कायद्याखाली स्फोटक समजला जाईल, असं सरकारने 1938 मध्ये जाहीर केलं. त्यातून 1940 चे गॅस सिलिंडर नियम आले आणि बदलत बदलत आजचे 2016 चे झाले. टाकीत असते ती कॉम्प्रेसरने गाळून भरलेली साधी हवा. लोक सर्रास तिला ऑक्सिजन म्हणतात. पण ऑक्सिजन असो वा हवा, कायद्याला मतलब दाबाशी. मंजूर बनावटीची नसलेली टाकी भारतात भरता येत नाही आणि परदेशातून आणायची तर परवाना लागतो. मंजुरीचा अधिकार नागपुरात बसणाऱ्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांकडे. मानेजवळ ठोकलेले आकडे वाचायला डायव्हरने शिकायलाच हवं: अनुक्रमांक, रिकामं वजन, किती लिटर पाणी मावतं, किती दाब सोसते आणि शेवटची दाबचाचणी कधी झाली. चाचणीची मुदत टळलेली टाकी हातात आली तर बदलून मागावी. यात भिडस्तपणा नको.

झडप मात्र सुटी झाली. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1952 च्या सुमारास 'पॉर्पस' नावाचा एकाच नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. त्याने झडपेचे दोन तुकडे केले: एक टाकीवर बसणारा, दुसरा तोंडातला. आजचा प्रवासी रेग्युलेटर थेट त्याच्याच वंशातला. नळ्या आणि दाबमापकासह तो दोन-तीन किलोंत बसतो.

म्हणून स्वतःचं न्यायचं ते जे अंगाशी आणि श्वासाशी निगडित आहे ते. आधी मास्क, कारण तो चेहऱ्याला बसला नाही तर सगळी मजा पाण्यात. मग रेग्युलेटर आणि डायव्ह कॉम्प्युटर. जमल्यास हलक्या बनावटीचं, दोन-अडीच किलोंचं जॅकेट. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. टाकी आणि बुडण्यासाठी लागणारी शिशाची वजनं किनाऱ्यावरची. टाकीवर रेग्युलेटर बसवायच्या दोन पद्धती आहेत, क्लॅम्पची आणि आट्यांची. आट्यांचा, म्हणजे डिन पद्धतीचा रेग्युलेटर हलका असतो आणि जास्त दाब सोसतो. पण सोबत क्लॅम्पचं ॲडॅप्टर हवंच. निघण्याआधी डायव्ह सेंटरला फोन करून तिथल्या टाक्यांना कोणता व्हॉल्व्ह आहे ते विचारावं.

त्याच फोनवर टाकी ॲल्युमिनियमची की पोलादी हेही विचारावं. ॲल्युमिनियमच्या 11 लिटरच्या टाकीत 207 बार दाबाने भरलेली हवा पावणेतीन किलोंच्या आसपास भरते. भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते आणि हवा संपत आली की वर तरंगू पाहते. पोलादी टाकी रिकामी झाली तरी सहसा बुडतीच राहते. त्यामुळे पोलादी टाकीसोबत पुरेसं ठरलेलं शिसं ॲल्युमिनियमच्या टाकीसोबत कमी पडतं आणि डायव्हच्या शेवटी, सुरक्षिततेसाठी पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायच्या वेळी, डायव्हर नको असताना वर खेचला जातो. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळच, टाकीत थोडीच हवा उरलेली असताना, वजनाची ही तपासणी करून घ्यावी आणि किती किलो शिसं लागलं ते टाकीच्या प्रकारासह लॉगबुकात लिहून ठेवावं.