हात दाखवला की थांबणारी गाडी

चांद्याचा इतिहास म्हटला की गोंड राजांचा परकोट आणि महाकालीचं देऊळ आठवतं. आजचा विषय मात्र साधा आहे. आमच्या भागात मास्तर, पोस्टमन आणि ग्रामसेवक ज्या वाहनावरून खेड्यात पोचले, त्या सायकलचा.

१९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. क्षेत्रफळ २५ हजार चौरस किलोमीटरच्या वर! सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत काम पडलं तर जवळपास दोनशे किलोमीटर यावं लागे, आणि पावसाळ्यात नदीनाले मध्ये आडवे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. त्याआधी १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. आडगावात शाळा निघाली, पण एस.टी. हमरस्त्यावरच थांबायची. तिथून आतलं अंतर सायकलनं नाहीतर पायी.

पूर्वी सायकल म्हणजे विलायती रॅले, साहेबाची नाहीतर मालगुजाराची. १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो निघाली, तेव्हा कुठे ती मास्तरच्या आवाक्यात आली. लग्नाच्या बोलणीत घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही तीन नावं ठरलेली असत.

माझी सायकल काळी, चोवीस इंची, वीसेक किलोची. सत्तरच्या दशकात सावलीच्या भागात नोकरीला होतो. असोलामेंढ्याच्या नहराच्या पाळीनं सात किलोमीटर जायचं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, पुढे जंगल. वेळ अर्ध्या तासाचा, पण अर्ध्या तासात मी कधीच पोचलो नाही. कारण सायकलला हात दाखवला की ती थांबते, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. कोणी पोस्टकार्ड वाचून घेई, कोणी सातबाऱ्यावरचं नाव बघा म्हणे. कोणाला मूलच्या बाजारातून गोळ्या हव्या असत.

एकदा एका म्हातारीनं अडवलं. "गुरुजी, थांबा जी! एवढा कोंबडा माह्या पोरीले देऊन द्या." पोरगी शाळेच्याच गावात दिलेली. पाय बांधलेला कोंबडा हँडलला लटकवून शाळेत आलो. जावई शेतातून येईपर्यंत तो व्हरांड्यात ठेवला. मी हजेरी घेत होतो. एका गैरहजर मुलाचं नाव घेतलं आणि नेमका त्याच वेळी कोंबडा आरवला. अख्खा वर्ग ओरडला, "हजर, गुरुजी!" पुढं वर्षभर त्या मुलाला सगळे कोंबडाच म्हणायचे.

दुसरी गोष्ट मार्च महिन्यातली. मोहफुलं पडायला लागली होती. सकाळी एका गुराख्यानं काठी आडवी धरली. म्हणाला, "समोर अस्वल मोह खाऊन रायलं. खाऊ द्या त्याले पोटभर." आम्ही दोघं बांधावर बसलो. अर्धा तास गेला. उशीर झाला की मास्तरचा पगार कापतात का, अस्वलाचा दाखला चालतो का, अशी त्यानं माझी बरीच चौकशी केली. मग हळूच विषय काढला, "पोरगी चौथी झाली. आता मोरं काय करू जी?"

पाचवीची शाळा नऊ किलोमीटरवर. मुलं सायकलनं जात. ज्यांचे पाय पायडलला पुरत नसत, ती नळीखालून पाय घालून कैची मारत. मी म्हटलं, तिलाही शिकव. तो इतका हसला, की मला वाटलं अस्वल इकडेच येतं! "सायकल पोरीची जात चालवते का जी?" ती पोरगी त्या वर्षी गुरांमागे गेली.

त्या माणसानं हा प्रश्न घेऊन पंचायत समितीची पायरी कधी चढली नसती. सायकलवरचा मास्तर त्याला रस्त्यात अडवता आला, म्हणून विचारलं. आमच्यासारख्यांमागे सरकार असेल नसेल, पण त्याच्यासाठी तेवढाच सरकारी कान होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात भारत जोडो यात्रा काढली, कन्याकुमारीपासून काश्मीरकडे, पाच हजार किलोमीटरच्या वर. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या दुखण्यानं गाडीत झोपून, आणि बरोबर सायकलींवर ११६ तरुण. त्यांत १६ मुली होत्या! मी वर्गात मुद्दाम ते सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. घरी सायकल होती, पण ती बापाची किंवा भावाची.

बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना काढली. आपल्याकडे २०११ पासून मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या, आणि लांबच्यांसाठी निळ्या बसगाड्या आल्या. त्या गुराख्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, पण त्याच्या पोरीच्या मुलीच्या वयात.

आता मास्तर तालुक्याहून मोटरसायकलनं अपडाऊन करतात. त्यांची चूक नाही, अंतर मोठं असतं. पण डोक्यावर हेल्मेट आणि वेग साठचा, हात कोण दाखवणार? अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. इकडे वाघ वाढले, माणसांवरचे हल्लेही वाढले. जंगलाकाठच्या आईबापाला सकाळी पोरगी सायकलनं निघाली की ती पोचेपर्यंत चैन नसतं.

म्हणून मुली एकट्या जात नाहीत. सहा-सात जणी मिळून, मोठमोठ्यानं बोलत, घंट्या वाजवत जातात. गावातल्या म्हाताऱ्या औषधाच्या चिठ्ठ्या आता त्यांच्याच हाती देतात. कारण हात दाखवला की त्या थांबतात.