‘कीचकवध’ नाटकावरील बंदी : शब्द आणि ध्वनि

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे गद्य नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणिले व १९१० साली मुंबई सरकारने त्याचे प्रयोग बंद केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ व भीम म्हणजे जहाल, ही फोडही नाट्येतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार दिलेली आढळते. पण एवढ्याने संशोधकाचे काम संपले, असे आम्हांस वाटत नाही. जे नाटक १९०७ साली चालले ते १९१० साली का चालू नये? कथानक बदलले नव्हते, पात्रे बदलली नव्हती, आणि कर्झनसाहेब तर १९०५ सालीच हिंदुस्थान सोडून गेले होते. या प्रश्नाचे उत्तर नाटकाच्या छापील पुस्तकात शोधू गेल्यास सापडणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम मूळ कथेकडे पाहू. विराटपर्वातील कीचक हा राजाचा मेहुणा व सेनापती. राजा नामधारी, सत्ता याची. सुदेष्णा सैरंध्रीस सुरा आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी पाठविते. ती पळून राजसभेत येते, आणि तेथे सर्वांदेखत कीचक तिला लाथ मारतो. कंकवेषातील युधिष्ठिर समोर बसला आहे, बल्लववेषातील भीम दात खात आहे. या ठिकाणी प्रचलित पाठात एक मार्मिक स्थळ आहे. भीमाची नजर एका वृक्षाकडे वळलेली पाहून युधिष्ठिर त्यास म्हणतो की, स्वयंपाक्या, लाकडे हवी असतील तर ती बाहेरून तोडून आण. सभेने ऐकिले ते सरपणाविषयीचे बोलणे. भीमाने ऐकिली ती संयमाची आज्ञा. एक बोलावे व अधिकारी श्रोत्याने दुसरे उमजावे, ही युक्ती खाडिलकरांनी नव्याने काढिलेली नाही. ती भारतकथेतच आहे. आलंकारिकांच्या भाषेत, येथे वाच्यार्थ निराळा व ध्वनि निराळा.

खाडिलकर १८७२ साली सांगलीस जन्मले आणि लोकमान्यांच्या हाताखाली ‘केसरी’त तयार झाले. नाटकाचा जन्म वंगभंगानंतरच्या दोन वर्षांतला. त्याच १९०७ सालच्या डिसेंबरात सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली. तेव्हा युधिष्ठिर व भीम यांच्यातील वाद प्रेक्षकांना केवळ पुराणातला कसा वाटावा? तरीही सरकार स्वस्थ होते. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यानंतरही नाटक चालूच राहिले.

पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. त्या रात्री तेथे किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’ नाटकाचा खेळ होता. देवलांच्या त्या नाटकात राजकारणाचा गंधही नाही. त्याचा विषय जरठबालाविवाह. बंदी आली ती मात्र ‘कीचकवधा’वर, आणि तीही नाशिकच्या घटनेस फार काळ लोटण्यापूर्वी. प्रसंग बदलला, म्हणून जुन्या शब्दांस नवे वजन आले, असाच याचा अर्थ आम्ही करतो.

हे ज्या कायद्याने झाले, तो १८७६ चा १९ वा कायदा. कलकत्त्यास युवराजांच्या भेटीवरून तेथील एका वकिलाची थट्टा करणारे प्रहसन झाले, त्यावरून लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी आधी वटहुकूम काढिला व त्याच वर्षी पुढे कायदा झाला. त्याचे तिसरे कलम वाचण्याजोगे आहे. नाटक बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याजोगे, अथवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारे आहे असे सरकारचे मत झाले म्हणजे पुरे. ते मत न्यायासनापुढे आधी शाबीत करावे लागत नसे. बंदी मोडणारास तीन महिनेपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पडदे, पोशाख व इतर सामान जप्त करण्याचीही मुभा. एकाही आक्षेपार्ह वाक्यावर बोट ठेवण्याची गरज या कायद्यास नव्हती, आणि ‘कीचकवधा’च्या बाबतीत तसे बोट ठेवणे कठीणच होते, कारण त्यात ना कर्झनचे नाव, ना इंग्रजांचे. सरकारने जे बंद केले तो ध्वनि होय. साहित्यशास्त्रात ज्यास सहृदय म्हणतात, ती पदवी या एका प्रकरणी मुंबई सरकारास देण्यास हरकत नसावी!

मग त्या ध्वनीचा पुरावा कोठे आहे? व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या १९१० सालच्या ग्रंथात या प्रयोगाचे वर्णन दिले आहे. कीचकाचे अत्याचार पाहून पुरुषांच्या मुद्रा कशा कठोर होत, द्रौपदीच्या विनवण्यांनी ब्राह्मण स्त्रियांचे डोळे कसे भरून येत, आणि शेवटी वध होताच नाटकगृहात समाधानाचा कसा गंभीर हुंकार उठे, हे तेथे येते. हे चिरोल म्हणजे ज्यांच्यावर टिळकांनी पुढे विलायतेत फिर्याद केली व जे १९१९ साली तीत सुटले तेच. ग्रंथकार प्रतिपक्षी आहे, दडपशाहीची बाजू मांडण्यासाठीच त्याने हे लिहिले आहे. म्हणून साक्ष तावूनसुलाखून घ्यावी. तथापि ती टाकून देता येत नाही. छापील पुस्तकात हुंकार नाही. तो शत्रूच्या टिपणात राहिला.

त्या कायद्याचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ साली, प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरील नाटकाच्या खटल्यात, तो घटनाविरुद्ध ठरविला; कायद्याच्या पुस्तकातून मात्र तो २०१८ सालीच गेला. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता तपासून घेण्याची निराळी पद्धत चालू झाली, आणि १९७२ सालच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग यांस उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आता संग्राहकांस एक विनंती. पुणे-सातारा रस्त्यालगतच्या नसरापूर-भोर भागात जुन्या वाड्यांची दप्तरे उलगडताना लक्ष असते ते सनदा, महजर व वंशावळी यांकडे. नाटकाच्या हस्तपत्रिका व पदरमोड करून उतरलेल्या नकला रद्दी म्हणून बाजूस पडतात. ‘कीचकवधा’पुरते बोलायचे तर त्याच कागदांचे मोल अधिक आहे. ब्रिटिश मुलखातील कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नसे, आणि भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. तेव्हा हस्तपत्रिका हाती आल्यास तीवरील गाव, तिथी व नाटकाचे नाव प्रथम वाचावे; सूत्रधाराच्या नकलेत वाक्ये खोडलेली असल्यास शाई कोणती, अक्षर कोणाचे, हे टिपावे, आणि कागद फाटका असला तरी त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.