वेस्ट इंडीजच्या वाटेवरची जोडपी

"अहो, ह्या बोटीला समुद्राचा वास कसा तो नाही!" असे आमची सौ. पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि तिच्या स्वरात कौतुकापेक्षा संशय अधिक होता. तिची बोटीची कल्पना लहानपणच्या कोकणच्या आगबोटीवरून बेतलेली. डेकवर पसरलेल्या वळकट्या, फणसांचे डाग, कोपऱ्यात लिंबू हुंगत बसलेली एखादी आजारी मावशी आणि धक्का येताच उडणारी एकच धांदल. इथे तर लिफ्ट, नाटकगृह, पोहण्याचे तलाव आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत न थांबणारी पंगत! चिरंजीवांनी आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त ही तिकिटे काढली होती. 2023 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही उभयता फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेल बंदरातून कॅरिबियन समुद्राकडे निघालो.

समुद्रावर माणसाला दोनच उद्योग असतात, खाणे आणि विचार करणे. खाण्याची मर्यादा साठीनंतर लवकर येते. तेव्हा मी बरोबर नेलेली पुस्तके काढून बसलो. जिथे जायचे नाही तिथे केवळ गंमत म्हणून बोटीने जायचे आणि परत यायचे, ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, हा माझा प्रश्न होता.

हा मान बहुतेक जण हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालीन ह्या गृहस्थाला देतात. त्याच्या कंपनीच्या आगबोटी युरोपातून अमेरिकेला उतारू नेत. हिवाळ्यात अटलांटिकवर वादळे आणि थंडी, त्यामुळे उतारू थोडे. लाखो मार्क खर्चून बांधलेल्या बोटी नुसत्या पडून राहायच्या. बालीनने 1891 च्या जानेवारीत 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट 241 प्रवाशांसह भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली आणि स्वतःही तीवर चढला. त्याच्या सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला होता. सफर मात्र यशस्वी झाली. पुढे त्याने निव्वळ मौजेसाठीच 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' नावाची बोट बांधून घेतली. 1900 साली ती पाण्यात उतरली. तिला कैसरच्या मुलीचे नाव दिले होते. मालाची कोठारे नाहीत, तिसरा वर्ग नाही. 120 खोल्या, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. ग्रंथालय होते, व्यायामशाळा होती, हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारखोलीदेखील होती! 1901 च्या जानेवारीतच ती न्यूयॉर्कहून वेस्ट इंडीजच्या सफरीला निघाली.

ह्या राजकन्येचा अंत मात्र चटका लावणारा झाला. 16 डिसेंबर 1906 च्या रात्री जमेकाच्या किंग्स्टन बंदरात शिरताना कप्तानाने दीपगृहाच्या ओळखीत गल्लत केली आणि बोट खडकांवर चढली. उतारू सारे सुखरूप वाचले. कप्तान आपल्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जेमतेम महिन्याभराने, 14 जानेवारी 1907 रोजी, भूकंपाने किंग्स्टन शहरच जमीनदोस्त केले.

जर्मनांची बोट गेली तरी वाट मोडली नाही, आणि ह्याचे श्रेय केळ्यांकडे जाते. अमेरिकन फळकंपन्यांच्या बोटी मध्य अमेरिकेतून आणि जमेकातून केळी आणायच्या. उन्हाने माल पिकू नये म्हणून बोटी पांढऱ्या रंगवलेल्या असत. खाली थंड कोठारात केळी, वर हवेशीर खोल्यांत उतारू. 'केळे हा पाहुणा आणि उतारू ही पीडा' अशा अर्थाची थट्टा त्या बोटींवरच्या खलाशांत रूढ होती. पुढे 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी आली. मग क्यूबा आणि बहामाकडे 'हवापालटासाठी' जाणाऱ्यांची एकाएकी गर्दी उसळली. कुठली हवा, हे वाचकांना सांगायला नको.

खरा पालट विमानाने केला. 1958 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर जेट विमाने सुरू झाली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. जायचे आहे त्याने विमानाने जावे. बोट उरली ती फक्त ज्याला कुठे जायचे नाही त्याच्यासाठी. 1966 च्या डिसेंबरात नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टरची 'सनवर्ड' ही बोट मायामीहून बहामाच्या फेऱ्या करू लागली. वास्तविक ती बांधली होती इंग्लंड ते जिब्राल्टर मार्गासाठी. स्पेन आणि ब्रिटन यांच्यातल्या भांडणात तो धंदा बुडाला म्हणून ती अटलांटिकपार आली. आजच्या प्रचंड धंद्याचा उगम असा एका राजकीय कटकटीत आहे. 2024 साली समुद्रात उतरलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' ह्या बोटीत सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. एवढी वस्ती आमच्या आजोळच्या गावाची नाही.

इथवर सारे मौजेचे. चौथ्या की पाचव्या दिवशी पहाटे आमची बोट त्रिनिदादच्या आखातात शिरली. डाव्या हाताला झाडोऱ्याने झाकलेली लहान लहान बेटे दिसू लागली. त्यांतले एक नेल्सन बेट. बोटीच्या ध्वनिक्षेपकावरून न्याहारीची वेळ, किनाऱ्यावरच्या दुकानांची माहिती आणि हवामान सांगण्यात आले. बेटाचा उल्लेख कोणी केला नाही. मला मात्र त्या बेटासाठीच पहाटे उठायचे होते. सौ.ला मी उठवले तेव्हा ती कुरकुरली, पण शाल घेऊन कठड्याशी आली.

1834 साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि 1838 साली गुलामांची सक्तीची उमेदवारीही संपली. उसाचे मळे ओस पडू लागले. विल्यम ग्लॅडस्टन हे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे डेमेरारात मळे होते. त्यांनी 1836 सालीच कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून मजूर मागवले. 1838 च्या जानेवारीत 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन गलबते कलकत्त्याहून सुटली. त्रिनिदादला पहिले जहाज लागले ते 30 मे 1845 रोजी. त्याचे नाव 'फतेल रझाक', आणि त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. 16 फेब्रुवारीला निघालेले हे जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून शंभराहून अधिक दिवसांनी पोचले. 1917 पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारे 1,44,000 आणि ब्रिटिश गयानाला सुमारे 2,39,000 हिंदी माणसे अशी आली. बहुतेक बिहार-संयुक्त प्रांताकडची, काही मद्रासकडची. त्यांत मराठी माणूस अपवादानेच. 1866 पासून त्रिनिदादला येणाऱ्यांना आधी नेल्सन बेटावर उतरवीत, तपासून मग मळ्यांवर वाटून देत.

"बायका होत्या का हो?" सौ.ने विचारले.

हाच ह्या इतिहासाचा सर्वांत कुचंबणेचा भाग आहे. प्रारंभी बायका नावालाच होत्या. मळेवाल्यांना बायका नको होत्या, हात हवे होते. ह्यातून बोभाटा झाला तेव्हा सरकारने दंडक घातला की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका जहाजावर असल्याच पाहिजेत. भरतीच्या दलालाला मग बाईचा मोबदला जास्त मिळू लागला. सोडून दिलेल्या, विधवा, दुष्काळात घर तुटलेल्या, यात्रेत चुकलेल्या अशा बायका तो हेरून आणी. कलकत्त्याला हुगळीकाठच्या डेपोत ही अनोळखी माणसे आठवडेच्या आठवडे जहाजाची वाट पाहत राहत, आणि तिथे नव्या जोड्या जमत. कोणी खऱ्या ओढीने, कोणी केवळ एकटेपणाच्या भयाने. तिथल्या साहेबापुढे नोंद झाली की झाले लग्न! परवान्याच्या कागदावर नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण आणि विवाहित असल्यास कोणाशी, असे रकाने असत. त्या एका रकान्यात किती संसार सुरू झाले असतील!

जहाजावरची व्यवस्थाही ठरलेली असे. पुढच्या अंगाला एकटे पुरुष, मागच्या अंगाला एकट्या बायका आणि मध्ये जोडपी. गळ्यात आकड्याचा पत्र्याचा बिल्ला. भात-डाळ, चुरा, कधी बिस्किटे. 1856-57 च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला निघालेल्यांपैकी शेकडा सतरांच्या आसपास माणसे वाटेतच दगावली. पुढे देखरेख सुधारली, मृत्यू घटले. काळ्या पाण्यावर जात सुटली, पण त्या बदली एक नवे नाते मिळाले: 'जहाजी भाई', 'जहाजी बहीण'. हे नाते इतके पक्के, की जहाजी भावाच्या मुलांत लग्ने जमवणे लोक टाळीत.

बंदरावर आम्ही मोटार ठरवली. चालक साठीचा, सावळा, बोलणे सारे त्रिनिदादी इंग्रजीत. त्याचे काही शब्द मला दोनदा विचारावे लागले. पण बोलता बोलता तो 'माय आजी' म्हणाला आणि सौ. पुढे सरकून बसली. भोजपुरी घरांतून आलेला हा शब्द तिथे अजून बापाच्या आईलाच वापरतात. तेवढ्यावर दोघांची गट्टी जमली. वाटेत त्याने धालपुरी खाऊ घातली. वाटाण्याच्या डाळीचे पुरण घालून लाटलेली, पण तिखटामिठाची पोळी. "गूळ घालायला विसरलेत हो," असे सौ. माझ्या कानात म्हणाली, आणि आणखी एक मागून घेतली.

त्याच्या आजीची हकीकत त्यानेच सांगितली. तिचे लग्न पंडिताने बांबूच्या मांडवात, अग्नीसमोर लावले. गावजेवण झाले. पण सरकारच्या दप्तरात ते लग्न नव्हतेच. स्वतंत्र नोंद केली नसेल तर हिंदू विवाह कायद्याला मान्य नसे. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या तुकडाभर जमिनीवर मुलांचा हक्क सिद्ध होईना, कारण कायद्याच्या नजरेत ती अनौरस होती. ही स्थिती त्या एका घराची नव्हे. त्रिनिदादमध्ये हिंदू विवाहाला रीतसर मान्यता देणारा कायदा झाला 1945 साली, म्हणजे पहिले जहाज आल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. डेपोतल्या साहेबाने एका ओळीत लावलेले लग्न जहाजावर चढायला पुरत होते. सप्तपदी मात्र उतरल्यावर पुरली नाही.

वॉटरलू नावाच्या गावी त्याने आम्हांला समुद्रातले देऊळ दाखवले. सेवदास साधू हा लहानपणी गिरमिटिया आईबापांबरोबर आलेला मजूर. त्याने 1947 साली किनाऱ्याजवळ साखर कंपनीच्या जागेत देऊळ बांधले. कंपनीने ते पाडायला सांगितले, त्याने नकार दिला. 1952 साली त्याला दंड व तुरुंगवास झाला आणि देऊळ पाडले गेले. जमीन कोणाची तरी असते, पण समुद्र कोणाचा? असे म्हणून तो सायकलवरून बादल्यांत माती-दगड नेऊन ओहोटीच्या वेळी समुद्रात भराव घालू लागला. पुढची सारी वर्षे त्याने त्यात घातली. देवळाचे अपुरे काम सरकारने 1995 साली, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षे झाली तेव्हा पुरे केले. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बगळे होते, आणि देवळाच्या ओट्यावर दोन बायका पणत्या धुऊन वाळत घालीत होत्या.

हे सारे थांबवण्यात आपल्याकडच्या एका माणसाचा वाटा आहे, तो सांगायचा राहून जाऊ नये. 4 मार्च 1912 रोजी नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. शंभरामागे चाळीस बायका ह्या हिशेबावर त्यांनी नेमके बोट ठेवले. ठराव सरकारी मतांनी फेटाळला गेला. गोखले 1915 च्या फेब्रुवारीत गेले आणि भरती बंद झाली 1917 साली. शाळेत आम्हांला गोखले शिकवले ते गणितातल्या प्रामाणिकपणासाठी. हे भाषण कोणी सांगितले नव्हते.

परतताना रस्त्यालगतच्या अंगणांतून लोक बांबू चिरीत बसलेले दिसले. चिरलेल्या बांबूंच्या कमानी वाकवून त्यांवर पणत्या ओळीने मांडतात. 1966 पासून तिथे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे 'सनवर्ड' मायामीला आली त्याच साली ती सुरू झाली. चालकाने आम्हांला दिवाळीला थांबायचा आग्रह केला. बोट सहाला सुटणार होती.

त्या रात्री जेवताना आमच्या टेबलावर वाढणारा तरुण नेहमीपेक्षा गप्प होता. तो मडगावकडचा, आमची मराठी ऐकून दुसऱ्याच दिवशी कोकणीत बोलू लागला होता. आठ महिन्यांच्या कंत्राटावर आला होता, लग्नाला दीड वर्ष झालेले. त्याची गिरमिटियांशी तुलना करणे मला पटत नाही. तो आपल्या मर्जीने आला होता, पगार घरी पाठवत होता, परतीचे विमान ठरलेले होते. तरी सौ.ने विचारलेच, "बायकोशी बोलणे होते का रे रोज?"

"बंदर लागले की होते, मावशी," तो म्हणाला. "आज गर्दीमुळे खाली उतरायला मिळाले नाही."

सौ.ने पर्समधून त्या चालकाने दिलेल्या दोन मातीच्या पणत्या काढल्या. बोटीवर ज्योत पेटवायला बंदी. तिने त्या तशाच, तेलवातीशिवाय, त्याच्या तबकात ठेवल्या आणि घरी ने म्हणाली.