आयांच्या चिठ्ठ्या आणि आपला बायोडेटा

आमच्या गटातली एक ताई नऊ वर्षांनी कुवेतहून कायमची परत आली. गावातल्या पाळणाघरात जागा निघाली म्हणून आम्ही तिचा बायोडेटा लिहायला बसलो. अनुभवाचा रकाना आला तशी ती म्हणाली, "तिथं काही लिहू नका. परक्याच्या घरी भांडी घासली, हे कशाला सांगायचं?" आम्ही पेन खाली ठेवलं आणि तिला आयांची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. इंग्रजांच्या राज्यात साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं, की मुलं सांभाळायला आयाही मुंबईहून, कलकत्त्याहून, मद्रासहून बोटीवर चढायच्या. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि प्रवास पुष्कळ कमी झाला, तरी पाण्यावर काही आठवडे जायचेच. मडम बोट लागून आडवी झाली, की मुलांचं खाणं, न्हाऊमाखू घालणं, रात्रीचं रडणं सगळं आयाच्या गळ्यात. बोटीच्या यादीत मात्र तिचं नाव पुष्कळदा नसेच. 'अमक्या मडमेची आया' एवढंच.

लंडनला पोचल्यावर काहींना परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जाई. अशांसाठी शहराच्या आल्डगेट भागात 'आयाज होम' होतं, १९०० च्या सुमारास ते हॅकनीत गेलं. हिंदुस्थानात निघालेलं एखादं कुटुंब आया शोधत तिथं येई, आणि तिचा परतीचा प्रवास त्या कामातून निघे. २०२२ मध्ये त्या हॅकनीतल्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली.

नवं काम मिळायला जुन्या मडमेची चिठ्ठी लागे. (इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्या बाजूच्या चिठ्ठीवरूनच तिकडे गेला.) प्रामाणिक आहे, मुलांवर माया करते, अशी त्यातली भाषा. पण वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत आणखी एक गुण असे: 'गुड सेलर', म्हणजे हिला बोट लागत नाही. आम्हाला हे दोन शब्द फार मोलाचे वाटतात. प्रामाणिक कुणालाही म्हणता येतं. बोट न लागणारी बाई मात्र त्या मडमेच्या नेमकी गरजेची होती.

१९२२ सालच्या एका लेखात मिसेस अँटनी परेरा या आयाची नोंद आहे. हिंदुस्थान आणि इंग्लंडमध्ये तिने ५४ वेळा प्रवास केला होता. परेरा हे आडनाव ऐकून आमच्यातली वेंगुर्ल्याची वहिनी म्हणाली, "आमच्याच बाजूची असणार!" असेल बापडी. पण शंभर वर्षांनी तिच्याबद्दल आपल्याला सांगता येतं ते त्या आकड्यामुळे.

मग आम्ही ताईला विचारायला लागलो. मुलं किती? तीन. धाकटं किती दिवसांचं असताना हातात घेतलंस? चाळीस. त्याला दमा होता, म्हणून वाफेचं मशीन ती स्वतः लावायची, औषधांच्या वेळा पाळायची. भाषा? घरात अरबीच, मोडकी नाही, चांगली. घरातली माणसं अकरा. मालकिणीचा दाखला तिच्याकडे नव्हता. मागायचा धीरच झाला नाही म्हणाली. पण पासपोर्टवर व्हिसाच्या तारखा होत्या, कराराचा कागद होता. त्यांच्या झेरॉक्स जोडल्या.

'घरकाम' हा शब्द आम्ही खोडला नाही, कारण ते तिनं केलंच होतं. त्याच्याखाली लिहिलं: चाळीस दिवसांच्या बाळापासून नऊ वर्षांपर्यंत तीन मुलांचा पूर्ण वेळ सांभाळ, दम्याच्या मुलाची रोजची काळजी, अरबी बोलता येते. पाळणाघराला अरबीचा काय उपयोग, यावर गटात वाद झाला. आम्ही म्हटलं, राहू दे. अनोळखी घरात भाषा शिकून घेणारी बाई नवं काम शिकेल, एवढं वाचणाऱ्याला कळेल.

ताईनं कागद दोनदा वाचून घेतला. मग हसत म्हणाली, "आणि ते बोटीचं लिहू नका हं. मला विमानसुद्धा लागतं."