रोग्याची हकिकत आणि इंग्रजीचे व्याकरण

मी गोंदिया जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर असल्याने आप्तांचे केस पेपर वाचून दाखवणे माझ्याकडेच येते. त्या कागदांवरची इंग्रजी ही निव्वळ परिभाषा नव्हे. तिच्यामागे इतिहास आहे.

मुंबईत १८२६ साली निघालेल्या सरकारी वैद्यकीय शाळेत देशी भाषांतून शिकवले जाई. ती १८३२ मध्ये बंद झाली. १८३५ मध्ये कलकत्त्याची देशी वैद्यकीय संस्था मोडून इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज उघडण्यात आले. १८४५ चे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच वाटेने गेले. पुढे तेथे मराठीचा वर्ग निघाला, तोही दुय्यम दर्जाच्या हॉस्पिटल असिस्टंटांसाठी. अशी भाषांचीही उतरंड रचली गेली : वर इंग्रजी, मध्ये मराठी आणि तळाशी रोग्याची बोली.

ही उतरंड वाक्यरचनेत उतरली आहे. आपल्याकडे ताप 'येतो', हाडे 'ठणकतात'; माणूस 'मला' या चतुर्थीत असतो. इंग्रजी केस पेपरात तो कर्ता होतो, पण कसला? 'पेशंट कम्प्लेन्स ऑफ', म्हणजे तो तक्रार करतो. खोकला नाही म्हणाला तर 'पेशंट डिनाइज कफ', म्हणजे तो इन्कार करतो. जणू पिंजऱ्यातला आरोपी! लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वाक्य घोटलेले असते, एवढेच.

सिकलसेलच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. विदर्भात हा आनुवंशिक रोग आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात बराच आढळतो. मध्य भारतातील त्याची नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची वेदना पुष्कळदा वरून दिसत नाही. रोगी सांगेल तोच पुरावा. अशा वेळी 'हॅड पेन' लिहिले तर दुखणे संपले असा अर्थ निघतो; 'हॅज बीन हॅविंग पेन' लिहिले तर ते अजून चालू आहे. पूर्वी असे कितीदा झाले, रक्त चढवले होते काय, भावंडांत कुणाला आहे काय, हे विचारलेच नाही तर 'अंग दुखते' यावरच हकिकत संपते.

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ताबाई साळवे या मातंग विद्यार्थिनीने आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणातील हाल मांडले. ती हकिकत 'आम्ही' म्हणून बोलते. तिच्यात कुणी तक्रारदार नाही, कुणी आरोपी नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी इंग्रजीचे काळ आणि प्रश्नरचना पक्की करावी. त्यावाचून त्यांचा निभाव लागणार नाही. परंतु मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, हा वैद्यकाचाच जुना नियम आहे. झाडीबोलीत, गोंडीत, पोवारीत बोलणाऱ्या बाईचे 'स्वतःचे शब्द' इंग्रजी कसे असतील? ते आधी देवनागरीत लिहावेत आणि त्याखाली इंग्रजी. त्याला फार तर एक ओळ जास्त लागेल.