लांब पल्ल्याचा सायकलप्रवास : टायरची निवड कशी करावी?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दी वर्षात, १९७६ मध्ये, ‘बाइकसेंटेनिअल’ या उपक्रमाद्वारे हजारो सायकलस्वार ऑरेगन ते व्हर्जिनिया या मार्गावर उतरले. आज ‘ट्रान्सअमेरिका ट्रेल’ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग अ‍ॅस्टोरिया ते यॉर्कटाउन असा सुमारे ६,८०० किलोमीटरचा आहे. अशा प्रवासात टायरचा कस वेगावर लागत नाही. मदत दूर असताना तो किती टिकतो, यावर लागतो. यूटातील मिलफर्डहून नेवाडाच्या सीमेकडे जाताना सुमारे १३० किलोमीटरपर्यंत पाणी वा दुकान मिळत नाही. तेथे फाटलेला टायर ही केवळ गैरसोय नसते, तो जिवावरचा प्रसंग ठरू शकतो.

माप : टायरच्या बाजूवर छापलेली मिलिमीटरमधील जोडसंख्या पाहावी. ‘३७-६२२’ याचा अर्थ रुंदी ३७ आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६२२. ‘७००सी’ आणि ‘२९ इंची’ ही दोन्ही मापे ६२२ चीच. जुन्या ‘२७ इंची’ सायकलीचे माप मात्र ६३० असल्याने त्यांचे टायर परस्परांना चालत नाहीत.

रुंदी : सामानासह डांबरी रस्त्यासाठी ३२ ते ४० मिलिमीटर पुरेसे ठरतात. मिसुरीतील ‘केटी ट्रेल’सारख्या चुनखडीच्या बारीक कचीच्या वाटेवर ४० च्या आसपासची रुंदी सुखाची. रॉकी पर्वतातील ‘ग्रेट डिव्हाइड’च्या खडबडीत मार्गाला ५५ किंवा त्याहून अधिक रुंदी हवी. खरेदीपूर्वी फ्रेम व मडगार्डमध्ये तेवढी जागा आहे, याची खात्री करावी.

काटे आणि तारा : पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात ‘गोटहेड’ नावाचा काटा सर्वत्र आढळतो. हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा सराटाच होय. महामार्गांच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतील बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. म्हणून नक्षीखाली पंक्चररोधक थर असलेला टायर घ्यावा. तो जड असतो व किंचित संथ चालतो. परंतु निर्जन रस्त्यावर ही किंमत माफक ठरते. ट्यूबलेस टायरमधील द्रव सराट्याची छिद्रे बहुधा बुजवतो, मात्र मोठ्या चिरेसाठी सोबत ट्यूब बाळगावीच लागते.

हवा आणि देखभाल : मागच्या चाकावर भार अधिक असल्याने त्यात हवेचा दाबही अधिक ठेवावा, टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. मागचा टायर आधी झिजतो. तो बदलताना पुढचा मागे बसवून नवा पुढे लावावा, कारण पुढचे चाक फुटल्यास तोल सावरणे कठीण. पंक्चर काढल्यावर टायर आतून चाचपून काटा काढल्याखेरीज नवी ट्यूब घालू नये. दूरच्या टप्प्यावर दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि घडीचा एक टायर सामानात असावा.