बॅच क्रमांकाचा माग : लघुउद्योगांपुढील नवे काम

नागपूर - 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाने सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणण्यात आले होते. कांचीपुरम जिल्ह्यातील एका लहान कारखान्यात तयार झालेल्या या औषधाच्या 'एसआर-१३' या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. ग्राह्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

बॅच क्रमांक ठाऊक असल्यानेच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला नेमक्या त्या बाटल्यांची विक्री व वापर थांबविण्याची सूचना देता आली. मात्र औषधात मिसळलेले द्रावक कारखान्यात कोठून आले, हा उलटा माग तितका सरळ नव्हता. कच्च्या मालाच्या खरेदीची बिलेच तपासणीत आढळली नसल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

उत्पादनाचा माग, म्हणजेच 'ट्रेसिबिलिटी', या दोन्ही दिशांनी चालावा लागतो. माल कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, एवढ्या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक उद्योजकाकडे असली, की साखळी आपोआप जुळते.

मिरचीपूड तयार करणाऱ्या एखाद्या मसाला उद्योगाचे उदाहरण घेऊ. कळमना बाजारातून आलेल्या पोत्यांना उतरवतानाच लॉट क्रमांक द्यायचा. कोणते लॉट कोणत्या दिवशी, कोणत्या चक्कीत दळले हे जॉब कार्डावर लिहायचे, पाकिटांवर त्या दळणाचा बॅच क्रमांक छापायचा आणि तोच क्रमांक विक्रीच्या बिलावर आणायचा. बहुतेक ठिकाणी गाडे अडते ते या शेवटच्या टप्प्यावर. पाकिटावर बॅच असतो, बिलावर नसतो; मग सदोष माल इतवारीत गेला की अमरावतीला, हे कोणालाच सांगता येत नाही. अर्धवट उरलेली पोती आणि परत आलेला माल नव्या दळणात मिसळणे ही दुसरी दुखरी जागा. अशा मिश्रणाची नोंद नसेल, तर एका पोत्यातील दोषापायी महिनाभराचे उत्पादन परत बोलवावे लागते.

हिंगणा व बुटीबोरीतील अभियांत्रिकी उद्योगांना ही पद्धत अगदीच अपरिचित नाही. पोलादाचा 'हीट नंबर' आणि त्यासोबतचे चाचणी प्रमाणपत्र मोठे ग्राहक पूर्वीपासून मागतात. सळई कापल्यावर तो क्रमांक उरलेल्या तुकड्यावर पुन्हा उमटवण्याचा मात्र अनेकांना विसर पडतो.

कायद्याचा रेटाही वाढला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० निवडक ब्रँडवर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व परवाना क्रमांक सांगणारा बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. हॉलमार्क असलेल्या दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची 'एचयूआयडी' ओळख सक्तीची आहे. निर्यातीच्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत नेणारी 'ग्रेपनेट' व्यवस्था तर महाराष्ट्रातील बागायतदारांना त्याआधीच अंगवळणी पडली होती.

महागडे सॉफ्टवेअर ही यातील पहिली पायरी नव्हे. विक्रेते काहीही सांगोत. वही, शिक्का आणि संगणकावरील साधा तक्ता यांवर लहान कारखान्याचे काम सुरू होऊ शकते. बारकोडचा छपाई यंत्रसंच नंतर घेता येतो. नोंदीच अपुऱ्या असतील, तर यंत्र केवळ अपुरी माहिती वेगाने छापील.

व्यवस्था खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी बाजारातून एक पाकीट आणावे, कच्च्या मालापर्यंत त्याचा माग काढावा आणि त्या बॅचची उरलेली सर्व पाकिटे कोठे आहेत याचा हिशेब लावावा. ब्रिटनमधील किरकोळ विक्रेत्यांनी रूढ केलेल्या 'बीआरसी' या अन्नसुरक्षा मानकात हे सारे चार तासांत व्हावे, अशी अट आहे.